सामाईक गेन

दुसऱ्याच्या डब्यातली भाजी न विचारता ओढून घेणारे आमच्या साउंडच्या धंद्यातले मामा मिक्सरच्या गेनला मात्र विचारल्याशिवाय बोट लावत नसत. हेडफोनमध्ये त्यांचा घोगरा आवाज यायचा, "बापू, पेटीवाल्याचा गेन वाढवायलोय. जमंल का?" मी हो म्हणेपर्यंत गडी हलायचा नाही.

आमचे मिक्सर दोन. माझा मंडपाच्या मागच्या टोकाला, लोकांसाठी. मामांचा स्टेजच्या बाजूला, गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना स्वतःचं ऐकू यावं म्हणून. पण माइक सगळे स्टेजवरच्या एकाच बॉक्सला जोडलेले, आणि माइकचा आवाज मुळात किती घ्यायचा ते ठरवणारा गेनही तिथलाच, दोघांत एक. तिकडे मामांनी तो फिरवला की इकडे माझं सगळं बिघडणार. मामा म्हणायचे, "गेन म्हंजे सामाईक बांध हाय. एकट्यानं कोरायचा नसतो."

हे ते अगदी टोकाला न्यायचे. पाथरीला एका लग्नात गायक हातवारे करून आवाज मागत होता आणि मी नेमका हेडफोन काढून मंडपवाल्याशी वाद घालत होतो. मामांनी स्वतःच्या मिक्सरवर होतं तेवढं वाढवलं, पण गेनला हात लावला नाही. गायक डोळे वटारतोय आणि हे त्याला नमस्कार करतायत! मी चिडलो, तर मलाच म्हणाले, मालक जागेवर नव्हता.

म्हणून पेडगावात काल्याच्या कीर्तनात मंडपभर कर्कश शिट्टी घुमली, तेव्हा मामांचा संशयही मला आला नाही. बायकांनी कानांवर हात ठेवले, महाराज अभंग अर्ध्यावर सोडून थांबले. पाहतो तो महाराजांच्या माइकचा गेन भलताच वर. मामांनी न विचारता वाढवला होता. त्यांना आवाज अगदीच बारीक यायला लागला, वाटलं माइकच बंद पडत चाललाय, म्हणून घाईत फिरवला. मृदंगवाला म्हणाला, स्टेजवर तर आधीपासूनच कान फाटत होते.

सामान आवरताना मामा माझ्याजवळ आले. "माझ्याकडचा गेन बंद कर. तुझ्या एकट्याच्याच हातात ऱ्हाऊ दे." आधी कान तपासू, मग बघू, असं मी परोपरीने सांगितलं. "कानाचा भरवसा न्हाई, बापू. सामाईक गोष्ट हाय," म्हणाले. मी सेटिंग बदललं. इतकं वाईट मला धंद्यात कधी वाटलं नाही. पुढे थोडे कार्यक्रम त्यांनी केले, पण आता विचारायचं काही उरलं नव्हतं. हेडफोन मुका झाला. मग ते यायचेच बंद झाले.

यंदा चारठाण्याच्या सप्ताहात दिसले. पांढरी टोपी, पहिल्या रांगेत, कर्ण्याच्या अगदी समोर, डोळे मिटून टाळी वाजवत. भर दुपारी जनरेटर बंद पडला. महाराजांनी हात वर करून टाळ-मृदंग थांबवले, मंडप गप्प झाला. मामांची टाळी चालूच होती. त्या शांततेत एकटी. लोक माना वळवून बघायला लागले. शेवटी शेजाऱ्याने त्यांचा हात धरला.

ते उठून हळूहळू माझ्याकडे आले आणि कान पुढे करून विचारलं, "कवापासून बंद हाय?"

"आत्ताच, मामा," मी म्हणालो. "तुम्ही उठलात, तेव्हाच गेला."