ठकूमावशीनं राब सोडला

ठकूमावशीला कुणी काही शिकवायला गेलं, की ती आधी त्याच्या पायांकडं बघायची. चेहरा नंतर. पायांवर धूळ असली तर घोंगडी टाकून बस म्हणायची, नसली तर उभ्या उभ्याच बोलू द्यायची. मी पहिल्यांदा तिच्या दारात गेलो तेव्हा माझे बूट चकचकीत होते. भोरहून निघून पालीच्या वरच्या वाडीपर्यंत मी मोटारसायकलवर आलो होतो आणि गाडी थेट तिच्या अंगणात आणून लावली होती. त्यामुळं माझं पहिलं भाषण उभ्यानंच झालं.

मी कृषी सहायक. वेल्ह्याच्या डोंगरी गावांतून त्या वर्षी मला एकच गोष्ट सांगत फिरायचं होतं, की राब भाजू नका. आमच्याकडं भाताचा तरवा, म्हणजे लावणीची रोपं, ज्या वाफ्यात टाकायची तिथं झाडांच्या फांद्या, पाला, शेण पसरतात, वर माती टाकतात आणि उन्हाळ्यात ते पेटवून देतात. हाच राब. जमीन भाजली की तण मरतं आणि रोप जोमानं येतं. रीत पिढ्यान्‌पिढ्यांची. पण तिच्यापायी बांधावरची ऐनाची झाडं दर वर्षी बोडकी होतात आणि चैत्र-वैशाखात सगळा डोंगर धुरानं भरतो. हवामान कसं बदलतंय याचे छापील कागदही मी वाटत होतो. कागद गुळगुळीत असल्यामुळं बायकांनी ते फडताळात अंथरले होते.

ठकूमावशी साठीच्या पुढची, काटकुळी, डोक्यावरचा पदर कधी न ढळणारी. तिनं माझं सगळं ऐकून घेतलं.

"झालं?" तिनं विचारलं.

"झालं."

"मग सांगा, तुमी काय सोडलं?"

मला प्रश्नच कळला नाही.

"न्हाई, माझ्या सासूनं राब भाजला, तिच्या सासूनं भाजला. म्या त्यो सोडायचा, का तर धुरानं आभाळ तापतंय. मग तुमच्या फटफटीचा धूर कुठं जातो? भोरातच ऱ्हातो व्हय?"

मी म्हणालो, "मावशी, नोकरीला गाडी लागते."

"मला बी भाताला राब लागतो," ती म्हणाली आणि शेण भरायला गोठ्यात निघून गेली.

खरं सांगायचं तर मला राग आला. परतताना सगळ्या रस्ताभर मी मनातल्या मनात तिला उत्तरं देत होतो. एक माझी गाडी बंद होऊन जगाचं काय होणार, हे तर तीनदा दिलं. नसरापूर आलं तेव्हा लक्षात आलं, की वाडीतला प्रत्येक माणूस मला हेच सांगत होता. माझा एक राब बंद होऊन काय होणार, सायेब? आणि त्यांना मी तो कागद दाखवत होतो.

दहा दिवसांनी पुन्हा गेलो आणि तिच्या दारात उभा राहून बोलून बसलो, "एक साल मी गाडी सोडतो. तुम्ही राब सोडा."

ती उठली आणि मला बांधावर घेऊन गेली. तिथं तिचा ऐन होता. जुना, पण दर वर्षी फांद्या तोडून तोडून नुसता खुंट राहिल्यासारखा. "देवाची आण नगं," ती म्हणाली. "देव माफ करतो. ह्याला हात लावून बोला. ह्यो माफ करायचा न्हाई." मी हात लावला. मग तिनं लावला. "ह्याच्या वरच्या अंगाला झरा हुता. चैतातबी पाणी असायचं. आता होळीलाच आटतो. कागदात न्हाई लिवलं तुमच्या, पर म्या बघितलंय."

माझ्या बाजूनं यात फारसं पणाला लागलं नव्हतं. भोरहून नसरापूरला एसटी, तिथून दुसरी एसटी मार्गासनीपर्यंत, पुढं मिळाला तर दुधाचा टेम्पो, नाही तर पाय. घरी बायको हसली, कचेरीतले लोक हसले, बस. ठकूमावशीचं तसं नव्हतं. तिची दोन खाचरं होती आणि घरची पाच माणसं वर्षभर त्याच भातावर जेवत. तरवा फसला असता तर लावणीला रोपं नाहीत आणि वर्षभर घरात स्वतःचा तांदूळ नाही. तिचा मुलगा शंकर शहाण्यासारखं बोलला. म्हणाला, "आय, एक वाफा भाजू, एक तसाच ठिवू." त्यावर ती म्हणाली, "अर्धा शबूद दिला असता तर अर्धा राब भाजला असता."

वाडीला हे रुचलं नाही. सर्वांत जास्त तिच्या दिराला, सखाराम तात्यांना. त्यांचा वाफा तिच्या वाफ्याला लागूनच. ज्या दिवशी त्यांनी आपला राब पेटवला त्या दिवशी वारा तिच्याकडं होता, आणि तो दिवस त्यांनी मुद्दाम निवडला असं मला अजून वाटतं. तिच्या वाफ्यात कुजायला घातलेला पाला होता. एक ठिणगी पुरली असती. मी पोचलो तेव्हा ही बाई भर दुपारी बांधावर ओलं पोतं घेऊन उभी होती. पदर नाकाला, डोळे लाल. ठिणगी पडली की पोतं आपटायची.

तात्या पलीकडून म्हणाले, "वहिनी, कशाला जीव देतीस? पेटला तर पेटू दे. आयता भाजून निघंल."

"पेटवायचा असता तर माझ्या हातात काडी न्हाई व्हय?" ती म्हणाली. "तुमचा धूर येऊ द्या. त्याला बांध न्हाई. इस्तवाला बांध म्या हाय."

ती संध्याकाळपर्यंत हलली नाही. मी बादलीनं पाणी आणून पोतं भिजवत राहिलो. माझ्या नोकरीत मी केलेलं ते पहिलं खरं काम.

पावसाळ्यात न भाजलेल्या वाफ्यात व्हायचं तेच झालं. भाताबरोबर तण उगवलं, आणि तेही हुबेहूब भातासारखं दिसणारं. मी शेतकी शिकलेला माणूस. तिला आराम मिळावा म्हणून बाह्या सरसावून वाफ्यात उतरलो आणि तासभर मन लावून निंदणी केली. तिनं येऊन माझी उपटलेली पेंढी हातात घेतली, दोन-चार काड्यांचे बुडखे चिमटीत दाबून पाहिले.

"सायेब," ती शांतपणे म्हणाली, "तुमी भात उपटलं. तण ठिवलं."

त्या दिवसानंतर वाडीत मला तण-सायेब म्हणू लागले. ती मात्र पुढचे दहा-बारा दिवस सुनेला घेऊन वाकून वाकून एकेक काडी निवडत राहिली. कंबर धरली तर हळद लावायची आणि पुन्हा वाकायची. तरवा विरळ आला, पण हिरवा आला. दोन्ही खाचरं लागली.

भात मळल्यावर मी वही घेऊन गेलो. मला चांगलं काहीतरी लिहायचं होतं. ती म्हणाली, "तात्यापरास कमी आलंय. तसंच लिवा. खोटं लिवलं तर पुढच्या साली कुणी इस्वास ठिवायचा न्हाई." मग माझ्या पायांकडं बघत म्हणाली, "आन्‌ तुमचं बी लिवा. भादव्यात एक दिस पाय कोरडं हुतं तुमचं."

एका बैठकीला उशीर होत होता म्हणून मी तेव्हा वाडीखालच्या वळणापर्यंत मोटारसायकल आणली होती. बायकोलाही सांगितलं नव्हतं.

"एकदाच," मी म्हणालो.

"म्हून एकदाच बोलले," ती म्हणाली आणि मला नव्या तांदळाचा भात वाढला.

एका सालाची बोली होती, पण दोघांपैकी कुणी तिची आठवण काढली नाही. दुसऱ्या वर्षी पीक तात्यांच्या बरोबरीला आलं. ऐनाला फुटवे आले, तिसऱ्या वर्षी त्याखाली बसण्यापुरती सावली झाली. झरा काही परत आला नाही. ती म्हणायची, "ईल न्हाई तर न ईल. म्या काय त्याच्यावर रुसून राब भाजू?" ती हट्टी होती, पण आंधळी नव्हती. सुनेच्या बाळंतपणात मी अवघडून विचारलं, जीप बोलवू का, तर माझ्यावरच खेकसली. "आजाऱ्याला गाडी. भाषणाला पाय. एवढं बी कळंना तुमाला?"

याच काळात गोठ्याच्या पडवीत एक ढीग वाढत होता. डोंगरातून येताना ती रोज एखादी वाळून पडलेली फांदी आणायची, वेलानं मोळी बांधून रचून ठेवायची. चुलीला त्यातली काडी लावू द्यायची नाही. मी विचारलं तर म्हणाली, "हाय एका कामाला." मला वाटलं होळीसाठी असेल.

गेल्या चैत्रात सकाळी शंकरचा फोन आला. पहाटे झोपेतच गेली होती. सहकारी म्हणाला, चल, कार काढतो. मला ती एकदा म्हणाली होती ते आठवलं, "मेल्यावर पळत येऊ नगा. म्या कुठं जात न्हाई." मी एसटीनंच गेलो. सारोळ्याला दिलेली तिची लेक पोचायची होती, म्हणून सगळे थांबले होते.

मी बांधापाशी आलो तर तात्या कुऱ्हाड घेऊन ऐनाखाली उभे होते. सरणाला स्वतःच्या बांधावरचं झाड तोडायची तिथली रीत. शंकर ऐनाला पाठ लावून उभा होता.

"तात्या, ह्याला हात लावायचा न्हाई. आयनं सांगितलंय."

"मग जाळायचं कशानं तिला?"

शंकरनं पडवीकडं बोट केलं. "तिचं तिनं गोळा करून ठिवलंय."

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. तात्यांनी कुऱ्हाड खाली ठेवली, पडवीत गेले आणि पहिली मोळी स्वतःच्या खांद्यावर घेतली. लाकूड पुरलं. दोन मोळ्या उरल्या.

सावडायला मी पुन्हा गेलो. समोरच्या डोंगरावर तीन ठिकाणी राब पेटले होते. शंकर राखेचं गाडगं घेऊन नदीकडं न जाता वाफ्याकडं वळला. हेही तिनंच सांगून ठेवलं होतं. मूठ मूठ राख तो वाफ्यावर पसरत राहिला.

तात्या हळूच म्हणाले, "शेवटी वाफ्याला राख लागलीच की."

"लागली," शंकर म्हणाला. "पर तिची सोताची."

घरी आलो. सुनेनं माझ्या पायांकडं पाहिलं आणि घोंगडी टाकली.