सदऱ्याआतला माइक

माझ्या मुलीच्या थरारपटात खून तीन होते आणि त्यांपैकी एकाचेही कारण तिला धड सांगता येत नव्हते. चित्रपट बारा मिनिटांचा. म्हणजे दर चार मिनिटांना एक माणूस. चित्रपट शिकण्याच्या तिच्या शेवटच्या वर्षाची ही परीक्षा होती आणि त्यासाठी येलहंक्यातले आमचे राहते घर एका दिवसापुरते खुन्याचे घर होणार होते. कथा वाचून मी "बरी आहे" एवढेच म्हणालो. माझा आवाज मुळात हळू आहे, त्यामुळे माझी नापसंतीही लोकांना सौजन्य वाटते. या गैरसमजाच्या आडोशाने मी पंचावन्न वर्षे सुखाने काढली आहेत.

व्यवसायाने मी दोष शोधणारा माणूस. यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्याच्या तपासणी विभागात माझी तीस वर्षे गेली. समोर आलेली वस्तू चांगली का आहे, हे तिथे मला कोणी कधी विचारले नाही. ती नाकारायची का, एवढेच विचारले. ही सवय कारखान्याच्या फाटकाशी ठेवून घरी यावे, असे मात्र मला कधी सुचले नाही.

सकाळी आठला टेम्पोतून सहा-सात मुलेमुली उतरली. त्यांतल्या दाढीवाल्या छायाचित्रकाराने दोन्ही हातांच्या बोटांची चौकट केली आणि तिच्यातून आमच्या स्वयंपाकघराकडे असे पाहिले, की हे स्वयंपाकघर जणू त्यानेच शोधून काढले होते. मग त्यातल्याच आमटीच्या पातेल्यात बीट उकळून, कॉर्नफ्लोअर घालून त्यांनी रक्त केले. माझी पत्नी आदल्या दिवशीच बहिणीकडे, शहराच्या दुसऱ्या टोकाला मारतहळ्ळीला निघून गेली होती. ती माझ्यापेक्षा शहाणी. एरवी देवाधर्माला नाक मुरडणाऱ्या या मंडळींनी कॅमेऱ्याला हळदकुंकू लावले, तिपाईच्या पायांशी लिंबे ठेवली, उंबऱ्यावर नारळ फोडला आणि पहिली क्लॅपची पाटी वाजवण्याचा मान मला दिला. मी गंभीर चेहऱ्याने ती वाजवली. मनात म्हणालो, परीक्षकांवर विश्वास नाही तो नाही, स्वतःवरही नाही.

खुनी घरमालकाचे काम एक निवृत्त शिक्षक करणार होते. ते तापाने आडवे झाले आणि दोन दिवस आधी मुलगी माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

"अप्पा, एकच सीन आहे. आणि तुम्हाला अभिनय करायचाच नाहीये."

"मग मला कशाला घेतेस?"

"घर तुमचंच आहे, कपडे तुमचेच आहेत. फक्त उभं राहायचं आणि दोन वाक्यं बोलायची."

वाक्ये कन्नडमध्ये होती. आम्ही निपाणीकडचे, कन्नड मला घरच्यासारखीच येते. भाडेकरू मुलीला घरमालक सांगतो, की इथे तुला शोधत कोणी येणार नाही, आणि आले तरी तुझ्यासाठी कोणी थांबणार नाही. साऱ्या चित्रपटाचा शेवट या दोन वाक्यांवर टेकलेला होता. कॅमेरा संध्याकाळी पाचला कॉलेजात परत जायचा होता आणि पुन्हा मिळणार नव्हता. तोवर हा प्रसंग झाला नाही, तर चित्रपट नाही. चित्रपट नाही, तर तिचे वर्ष गेले.

आवाजाची जबाबदारी केरळकडच्या एका बारीक चणीच्या मुलीवर होती. तिने माझ्या सदऱ्याच्या आत, छातीवर, चिकटपट्टीने हरभऱ्याएवढा माइक लावला, कमरेला त्याची डबी खोचली आणि इंग्रजीत बजावले, "अंकल, बाथरूमला जाताना मात्र आठवणीने बंद करा." सगळे हसले. मीही हसलो आणि तेवढीच एक जागा लक्षात ठेवली.

दहा वाजता पहिले विमान आले.

येलहंक्यात हवाई दलाचा तळ आहे. आठवड्याच्या दिवसांत सकाळी दहा ते दुपारी एक सरावाची विमाने आमच्या गच्चीवरून जातात. पाहुण्यांशी बोलताना आम्ही तेवढ्यापुरते थांबतो आणि मग वाक्य जिथे तुटले तिथून पुढे बोलू लागतो. या मुलांनी शुक्रवार निवडला होता. माझी मुलगी गेली चार वर्षे वसतिगृहात राहते आणि घरी येते ती शनिवार-रविवारी. तिला हे आठवले नाही. मला आठवत होते. वेळापत्रकाचा कागद आठवडाभर आमच्या फ्रीजवर लावलेला होता आणि मी रोज त्यासमोर उभा राहून पाणी प्यायलो होतो.

मी बोललो नाही. आज स्वतःला विचारतो, तेव्हा उत्तर मिळते ते असे : मला पाहायचे होते. माझ्याकडे येणारा भाग सदोष आहे, हे आधीपासून ठाऊक असले, की तपासणीला एक वेगळीच गोडी येते.

पाहायला मिळालेही. "अॅक्शन" म्हटले, की विमान. भाडेकरू झालेल्या मुलीच्या डोळ्यांत पाणी आले, की विमान. दाढीवाला आभाळाकडे बघून मुठी आवळत होता. कलादिग्दर्शकाचे रक्त पातेल्यात घट्ट होऊन त्याची खीर झाली. एकजण म्हणाला, "स्वल्प वाट पाहू, थांबेल," आणि पुढचे विमान आणखी खालून गेले. माझी मुलगी कानांना हेडफोन लावून जिन्याच्या पायरीवर बसली होती आणि कागदावर एकेक प्रसंग खोडत होती. मी खुर्चीत बसून चहा पीत होतो.

बारा वाजता मी मागच्या अंगणात धुण्याच्या दगडावर जाऊन बसलो आणि निपाणीला थोरल्या भावाला फोन लावला.

"काय हिरो?" अण्णा म्हणाला.

"हिरो कसला अण्णा, खुनी आहे. माझ्याआधी विमानांनीच सगळ्यांना मारलंय."

"मग तू सांगितलं नव्हतंस होय पोरांना?"

"कोणी विचारलं नाही."

तो खो खो हसला. "आणि आमच्या दिग्दर्शक बाई काय म्हणतात?"

"बसलीय जिन्यावर." मी म्हणालो. आणि मग, कोणी हवामान सांगावे तशा स्वरात, पुढे म्हणालो, "तिच्याच्यानं काही व्हायचं नाही, अण्णा. आपण कौतुक करत राहिलो, म्हणून तिला वाटतं येतंय. आज कळेल. मी सांगण्यापेक्षा असं कळलेलं बरं."

"जेव बाबा आधी," अण्णा म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

आत आलो तेव्हा आवाजवाली मुलगी माझ्याकडे पाहून कौतुकाने हसली. "अंकल, एकटेच बसून तालीम करत होता? फार छान!" मला वाटले, मुलांना म्हाताऱ्यांचे कौतुक करण्याचे वळण लावलेले असते. माझी मुलगी जेवली नाही. इतरांचे जेवण झाल्यापासून ती माझ्याशी घरची मराठी सोडून कन्नडमध्ये बोलते आहे, हेही मी टिपले आणि कामाच्या गडबडीच्या खात्यात टाकून दिले.

विमाने थांबली. उरलेले सगळे घाईघाईने उरकत तीन वाजता माझा प्रसंग लागला. इतका वेळ हिणवत असलेल्या या कामात मी स्वतः काय केले, ते सांगायला हवे. मी डोळे वटारले, नाकपुड्या फुगवल्या आणि गणेशोत्सवातल्या नाटकातला खलनायक गरजतो तसा गरजलो. एकदा, दोनदा, सहा वेळा. सहाव्या खेपेला कुंपणाच्या भिंतीवरून शेजारच्या अक्कांनी डोके वर काढून, काय झाले म्हणून विचारले, "एनाय्तु सर? डॉक्टरांना बोलावू का?" मुलांनी हसू दाबले. भाडेकरू झालेली मुलगी, जिने मला घाबरायचे होते, ओढणी तोंडाला लावून भिंतीकडे वळली.

पावणेचार झाले होते. माझ्या मुलीने हेडफोन गळ्यात उतरवले, माझ्याजवळ आली आणि शांतपणे मराठीत म्हणाली,

"अप्पा, ओरडू नका. दुपारी दोड्डप्पांशी माझ्याबद्दल बोललात ना, तसं बोला."

थोरल्या काकाला ती दोड्डप्पा म्हणते. हे ती सगळ्यांच्या देखत बोलली, पण त्या खोलीत मराठी कळणारे आम्ही दोघेच होतो. माझा हात आपोआप छातीवर, सदऱ्याखालच्या त्या हरभऱ्यावर गेला. अंगणातला माझा शब्द न शब्द तिच्या कानांत गेला होता आणि आवाजवाल्या मुलीने तो तालीम समजून जपूनही ठेवला होता.

"अगं, मी..."

"वेळ नाहीये अप्पा. पाचला कॅमेरा जायचाय. बोला."

ती मागे गेली. पाटी वाजली. मी भाडेकरू मुलीकडे पाहिले आणि ती दोन वाक्ये बोललो. हळू, सौजन्याने, हवामान सांगावे तशी. ती मुलगी एक पाऊल मागे सरकली. पटकथेत ते पाऊल नव्हते. माझी मुलगी थोड्या उशिराने "कट" म्हणाली. दाढीवाला कॅमेऱ्यामागून वर आला. "सर, भीती वाटली," तो म्हणाला. दिवसभर मी त्याचा अंकल होतो.

शेवटचे एक काम उरले होते. चित्रीकरण झाल्यावर रिकाम्या खोलीची शांतता मिनिटभर ध्वनिमुद्रित करतात. पुढे वाक्यांच्या मधल्या फटी त्या शांततेने बुजवता येतात. त्या मिनिटात सगळ्यांनी होते तिथे स्तब्ध उभे राहायचे असते. पंखा बंद, फ्रीज बंद. आवाजवालीने हात वर केला. अर्धे मिनिट मला ते सहन झाले.

"विमानांचं मला ठाऊक होतं," मी म्हणालो. "चुकलं माझं."

"अंकल! सायलेन्स!" आवाजवाली कळवळली.

माझ्या मुलीने माझ्याकडे पाहिले नाही. "विमानांचंही ऐकलंय मी," ती म्हणाली. "आता मिनिटभर गप्प उभे राहा." मग आवाजवालीकडे वळून म्हणाली, "पहिल्यापासून घे."

मी उभा राहिलो. त्या दिवशी मी बिनचूक केलेले एवढे एकच काम.

कॅमेरा पोहोचवून ती परत आली, तोवर मी पातेले घासून ठेवले होते. तरी बिटाचा रंग त्याला राहिलाच. मी पुन्हा माफी मागू लागलो, तर तिने हात वर केला, आवाजवालीने केला होता तसाच.

"माफी नको अप्पा. काही खटकलं तर मला सांगत जा. दोड्डप्पांना नको."

चित्रपट वेळेत सादर झाला, ती उत्तीर्ण झाली. बघणारे माझ्या दोन वाक्यांची स्तुती करतात आणि तो आवाज कुठून आणलात, असे विचारतात.

गेल्या महिन्यात तिने नवी कथा माझ्या हातात ठेवली. खून दोनच आहेत. मी ती दोनदा वाचली, खुर्ची तिच्यासमोर ओढून घेतली आणि जरा मोठ्याने, म्हणजे माझ्या मानाने मोठ्याने, म्हणालो, "दुसऱ्याला का मारलं, ते मला कळलं नाही. पहिला मात्र जमलाय."

तासभर ती माझ्याशी भांडली. मराठीत.