झोपवून तपासलेला पाय

अन्याय झाला तो माझ्या आईवर. सोमवारी सकाळी साडेअकराला, नगरच्या एका सोनोग्राफी सेंटरच्या आतल्या खोलीत. तिला टेबलावर आडवं केलं, मांडीपासून घोट्यापर्यंत यंत्र फिरवलं आणि पाच मिनिटांच्या आत सांगितलं, शिरांमध्ये दोष नाही.

मी तिथेच होते. ग्रामसभेत प्रश्न विचारून ग्रामसेवकाला घाम फोडणारी, पाण्याच्या टाकीबद्दल पत्रक लिहून गावभर वाटणारी मी. त्या गार खोलीत इंग्रजी रिपोर्ट हातात घेतला आणि ‘थँक्यू सर’ म्हणाले.

आई देवळाली प्रवरेजवळ डाळिंबाच्या पॅकिंग शेडमध्ये प्रतवारीला आहे. दिवसभर टेबलाशी उभी. शेडमध्ये स्टूल नाही. बसलं की हात मंदावतो, असं मुकादमाचं म्हणणं. तिच्या पिंढरीवर करंगळीएवढ्या जाड निळ्या शिरा होत्या. घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी काळी पडली, मग फुटली. ती जखम वर्षभर हळद, पावडर आणि जुन्या साडीच्या पट्टीखाली राहिली. गावातल्या डॉक्टरने शुगरची जखम म्हणून गोळ्या दिल्या. शुगर तपासली तेव्हा ती नव्हतीच.

मला हे कधी कळलं? जखमेला वास यायला लागला तेव्हा. एका घरात राहून.

नगरच्या हॉस्पिटलमधल्या सर्जननी पाय बघून सांगितलं होतं की बिघडलेली शीर आतून उष्णता देऊन बंद करता येते, कापाकापी नाही. पण कुठली शीर, किती लांब, हे सोनोग्राफीत दिसलं पाहिजे. “लवकर करा,” ते म्हणाले. “संसर्ग हाडापर्यंत गेला तर पाय वाचेल की नाही, मी सांगू शकणार नाही.”

आणि रिपोर्ट आला नॉर्मल. त्या दिवशी सर्जन नव्हते. हाताखालच्या डॉक्टरने कागद बघितला, पाय बघितलाच नाही. “शिरेत दोष नाही, तर शीर कशी बंद करणार? ड्रेसिंग चालू ठेवा.”

बुधवारी आईला ताप होता. ड्रेसिंग करणाऱ्या वयस्कर सिस्टरने पट्टी सोडली, जखम बघितली, पिंढरी बघितली आणि माझ्याकडे मान वळवली.

“सोनोग्राफी उभं करून केली का झोपवून?”

“झोपवून.”

“शेती हाय ना तुमची? विहिरीच्या मोटारीचा फुटव्हॉल्व्ह गेला का न्हाई, ते पाइप आडवा टाकून बघता का तुमी?”

मला एका क्षणात कळलं. फुटव्हॉल्व्ह पाइपात चढलेलं पाणी परत विहिरीत उतरू देत नाही. पायातलं रक्त वर चढवायचं तर शिरांना तसेच व्हॉल्व्ह लागतात. ते निकामी झाले की माणूस उभा राहताच रक्त उलटं खाली उतरतं आणि घोट्याशी साचतं. आडव्या माणसात ते दिसणार कसं? वर आमच्या मातोश्रींनी तपासणीआधी तीन दिवस सुट्टी टाकून पाय धान्याच्या पोत्यावर ठेवून दिला होता. सूज पार उतरलेली. पाहुणे यायच्या आधी घर आवरावं तसा तिने पाय आवरून नेला होता.

“डाक्टरम्होरं सुजका पाय न्यायचा व्हय?” ती म्हणाली. “बरं दिसतं का?”

गुरुवारी मी तिला त्याच सेंटरवर नेलं. काउंटरवरचा माणूस म्हणाला, “आमच्याकडे झोपवूनच करतात. उभं राहून पेशंटला चक्कर येते.”

“ही आठ तास उभी राहून तुम्हाला डाळिंबं निवडून देते. तिला नाही येत चक्कर.”

“आगं, भांडू नको,” आई माझी ओढणी ओढत म्हणाली. “मानूस कामात हाय.”

मी हलले नाही. मागे रांग वाढली. शेवटी आतले डॉक्टर बाहेर आले, कपाळाला आठ्या घालून, आणि आत चला म्हणाले. आई लाकडी पाटावर उभी राहिली, एका हाताने खिडकीचा गज धरून. डॉक्टरांनी तिची पिंढरी दाबली आणि सोडली. पडद्यावर निळा रंग वर गेला आणि लगेच लाल होऊन खाली आला. येतच राहिला. त्यांनी परत दाबली. परत तेच.

“उलटं वाहतंय,” ते हळूच म्हणाले. सोमवारबद्दल एक शब्द नाही.

पुढच्या आठवड्यात सर्जननी तारीख दिली. तोवर औषधांनी ताप उतरला होता. त्यांनी आम्हाला समजावलं. गुडघ्यापाशी सुई टोचून कॅथेटर, म्हणजे बारीक नळी, शिरेतून जांघेपर्यंत सरकवायची. तिच्यातून लेसरची तार. तार तापवत हळूहळू मागे ओढायची, म्हणजे शीर आतून भाजून मिटत येते. आजूबाजूच्या मांसाला धग लागू नये म्हणून शिरेभोवती गार सलाइन भरायचं. आई जागीच असणार. “दुखलं, भाजलं, की लगेच सांगायचं,” ते तिला म्हणाले. “शेजारीच संवेदनेची नस असते, तिला धग लागता कामा नये.”

“व्हय, सांगते की.”

ही बाई सांगणार नाही. वर्षभर सडत्या पायावर उभी राहून सांगितलं नाही.

तिला आत नेताना मी सर्जनना दारात गाठलं. “ती सांगणार नाही. दुखलं की पायाची बोटं आवळते. तिच्या बोटांकडे बघा.”

ते मान डोलावून आत गेले. मी बाकावर बसले नाही. दाराला कान लावला, तर यंत्राची टिकटिक, मग थांबली. सर्जनचा आवाज: “मावशी, भाजतंय?”

“न्हाई. बरं हाय. चालू द्या.”

“सिस्टर, अजून सलाइन घ्या. बोटं बघा त्यांची.”

टिकटिक परत सुरू व्हायला किती वेळ गेला, मला सांगता येणार नाही.

आई चालतच बाहेर आली, पायात मांडीपर्यंत घट्ट मोजा. मला बघून म्हणाली, “माझी चुगली केलीस व्हय?”

जखम भरत आली आहे. नवी कातडी गुलाबी आणि पातळ आहे, मी रोज बघते. पाय राहिला, आणि तो तिच्या सोसण्यामुळे राहिलेला नाही.

तुमच्याही घरात दिवसभर उभी राहणारी कोणीतरी आहे. आज घरी जा. तिला उभं करा, साडी घोट्याच्या वर घ्यायला लावा आणि आतल्या बाजूची कातडी बघा. काळी असेल तर उद्याच दवाखान्यात न्या. ‘काय न्हाई गं’ म्हणाली, तर ऐकू नका.