फरशीने दिलेला कोन

सकाळी चहाचे आधण ठेवले की मागच्या अंगणातून एक आवाज यायचा. खडबडीत शहाबादी फरशीवर उघडी पावले घासत सरकवावीत तसा; आधी खर्र, मग क्षणभर शांतता, मग पुन्हा खर्र. भाद्रपदातले कोवळे ऊन, कुंपणावरच्या गोकर्णीवर अजून न सुकलेले दव, आणि त्या साऱ्या निवांतपणात हा एकच हट्टी आवाज. खिडकीतून डोकावले की माझी भाची जान्हवी दिसायची. टाचेला टाच भिडवलेली, एका हाताने नळाचा पाइप धरलेला, आणि पावले अशी उघडलेली की एका पायाचा अंगठा पूर्वेला तर दुसऱ्याचा पश्चिमेला. चहा उतू जाईपर्यंत मी पाहत राहायचे.

जान्हवी माझ्या धाकट्या बहिणीची, शोभाची मुलगी. घाटंजीजवळच्या शेतात वाढलेली आणि पुढच्या शाळेसाठी यवतमाळला माझ्याकडे आलेली. आमच्या गल्लीच्या टोकाला, कापडाच्या दुकानावरच्या मजल्यावर, ईशाताई बॅले शिकवतात. पुण्यात हे नृत्य शिकून त्या लग्नानंतर इकडे आल्या, तेव्हा यवतमाळात बॅले कोण शिकणार म्हणून लोक हसले होते. आता संध्याकाळी त्या जिन्यात मुलींच्या चपला मावत नाहीत. जान्हवीने एकदा त्याच जिन्यातून वर्ग पाहिला आणि त्या दिवसापासून पोरीचे जेवणात लक्ष राहिले नाही.

पण चौदाव्या वर्षी? या नृत्याची सारी ऐट खुब्यात असते. पाय नुसते पावलातून वळवून चालत नाही. ते कमरेखालच्या त्या खोल सांध्यातून बाहेर वळावे लागतात, आणि वळलेलेच राहून उचलावे, झेपावे, अलगद उतरावे लागतात. त्याला तिथे टर्नआउट म्हणतात. वर्गातल्या बहुतेक मुली पहिली-दुसरीत असताना आलेल्या, आणि त्यांची पावले उघड्या पुस्तकासारखी सहज पसरायची. जान्हवीचे वडील रमेशराव सरळ बोलणारे. ते मला म्हणाले, “दिवाळीवरी शिकू द्या, ताई. मंग मी येऊन पायतो. पाय वळत नसतीन तं पोरीचा जीव कायले काढाचा?” म्हणजे दिवाळीपर्यंतच मुदत, हे जान्हवीला ठाऊक होते आणि मलाही.

शोभाला मात्र यात शंकेला जागाच दिसत नव्हती. “आमच्या पोरीचे खुबे काहून बंद असतीन? लहानपणापासून निंदाले उकिडवी बसून राह्यली ते,” असे ती ठासून सांगायची. आणि तिचे काय चुकले? आमचे आयुष्यच भुईशी लगटलेले. निंदण उकिडवे बसून, जेवण मांडी घालून, भाजी निवडणे एक गुडघा उभा करून. जान्हवी मांडी घालून बसली की तिचे गुडघे कसलाही आव न आणता जमिनीला टेकायचे. ते पाहून घरात सगळ्यांनीच ठरवून टाकले की ही पोर शेतातूनच अर्धे शिकून आली आहे. मीही शेजारणींना कौतुकाने तेच सांगत सुटले.

दसऱ्याच्या आधीच्या आठवड्यात मी वर्गात गेले होते. ईशाताईंनी मुलींना पायमोजे घालायला सांगितले आणि सनमायका लावलेली एक गुळगुळीत फळी जमिनीवर ठेवली. एकेकीने तिच्यावर उभे राहायचे. पहिलीपासून शिकणारी आर्या उभी राहिली, तिची पावले पसरली आणि पसरलेलीच राहिली. मग जान्हवी चढली. अंगणात रोज जमवलेला तो पूर्व-पश्चिम कोन तिने मोठ्या दिमाखात घेतला, आणि आम्हा सगळ्यांच्या देखत तिची पावले हळूहळू, कुणी ढकलत नसताना, आत सरकू लागली. तिने ओठ आवळले, पावले पुन्हा पसरली. ती पुन्हा सरकली आणि एका लहानशा कोनाशी येऊन थांबली. पोरीचा चेहरा उतरला. मला तिथून उठून जावेसे वाटले.

ईशाताई तिच्यापुढे गुडघ्यांवर बसल्या आणि तिच्या खुब्यावर हात ठेवून म्हणाल्या, “घरी खडबडीत फरशीवर करतेस ना? पावलं तिथे चिकटून राहतात, आणि मधल्या मधे गुडघा पिळला जातो. दुखतो ना?” जान्हवीने मान हलवली. दुखणे तिने आम्हाला कधी सांगितलेच नव्हते. “बघ, इतकं तुझं आहे. बाकीचं फरशी देत होती.” तिच्या मांडी घालून बसण्याचे कोडेही त्यांनीच उलगडले. बसताना खुबा दुमडलेला असतो, तेव्हा तो सैल सुटतो. उभे राहिले की त्याच्यावरचे बळकट बंध ताणले जातात आणि तोच सांधा आवळून धरतात. सारा जन्म उकिडवे बसणाऱ्यालाही उभ्याने ते वळण मिळेलच असे नाही.

मग लवकर सुरुवात केली असती तर? हा प्रश्न मला अनेक दिवस चिकटून राहिला. कोवळ्या वयात स्नायू ऐकतात, बंध सैलावतात, हे खरेच. काही जाणकार म्हणतात की वाढत्या वयात हाडाचा घाटही थोडा बदलतो, तर काही म्हणतात की तो आपण जन्माला येतानाच घेऊन येतो. ईशाताईंनाही याचे पक्के उत्तर ठाऊक नाही आणि त्या तसे सांगतातही. पण आर्याबरोबर त्याच वयात आलेली दुसरी एक मुलगी त्या फळीवर जान्हवीइतकीच उघडली होती, हे मी डोळ्यांनी पाहिले. आणि ज्यांचे खुबे वळलेच नाहीत अशा कितीतरी चिमुरड्या केव्हाच वर्ग सोडून गेल्या असतील. उरलेल्यांची पावले पाहून आपण साऱ्याचे श्रेय त्या कोवळ्या वयाला देऊन मोकळे होतो.

फळीवर उभी राहिली त्या रात्री जान्हवी जेवली नाही. सकाळी मात्र अंगणातला आवाज बंद झाला. पाहते तो बाईसाहेब दिवाणखान्यातल्या चकचकीत टाइल्सवर माझा पावडरचा डबा रिकामा करत होत्या. जिथे फरशी काहीच देणार नाही अशी जागा तिने मुद्दाम निवडली होती. तिथे तो लहानसा कोन घेऊन ती उभी राही, गुडघे बरोबर पायाच्या बोटांवर आणून वाकवी, उठे, पाय बाजूला उचली, आणि तो कोन सुटू देत नसे. पाय फार उंच जात नव्हता. पण जितका जाई तितका असा निर्मळ, असा निःशंक जाई की पाहताना माझे डोळे भरून येत. या पोरीचा मला अभिमान वाटतो, आणि तो सांगताना मला मुळीच संकोच होत नाही.

दिवाळीच्या पाडव्याला रमेशराव आले. सदऱ्यावर वेचणीच्या कापसाचे तंतू तसेच चिकटलेले. फराळाच्या ताटाला हात न लावता म्हणाले, “दाखव.” जान्हवी टाइल्सवर उभी राहिली. ते वाकून बराच वेळ पाहत राहिले.

“एवढंच?”

“एवढंच, बाबा. पण हे माहं हाय.”

मग तिने गुडघे वाकवले, पाय उचलला, हवेत धरला आणि आवाज न करता खाली ठेवला. रमेशराव उठले, तिच्या शेजारी जाऊन उभे राहिले, पायजमा घोट्यावर खेचला आणि टाचेला टाच लावून पावले उघडू लागले. त्यांच्या भेगाळलेल्या टाचा टाइल्सवर घासल्या आणि खर्र असा आवाज झाला. पावले थांबली ती अगदी लेकीच्याच कोनाशी. त्यांनी स्वतःच्या पायांकडे पाहिले, मग तिच्या पायांकडे, मग पुन्हा स्वतःच्या.

“हे तं माह्यावरच गेलं,” ते हळूच म्हणाले, आणि पावले तशीच ठेवून माझ्याकडे वळले. “ताई, दिवाळीनंतर क्लास कधी सुरू होते?”