झाकलेले चार तुकडे

पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी मी आमच्या प्रयोगशाळेतल्या मावशींविरुद्ध लेखी तक्रार केली. लिहिताना त्या तक्रारीतलं एकही वाक्य मला खोटं वाटलं नव्हतं. तरी तो कागद आठवला की आजही माझी मान खाली जाते.

पनवेलच्या एका कॉलेजात मी पदवीच्या मुलांना फिजिक्स शिकवत होते आणि तिथेच संशोधनही करत होते. विषय होता वीज वाहणाऱ्या प्लॅस्टिकचा. असं प्लॅस्टिक द्रावकात विरघळवायचं, सिलिकॉनच्या नखाएवढ्या तुकड्यावर त्याचा थेंब सोडायचा आणि वाळून त्याचा पातळ पापुद्रा होऊ द्यायचा. द्रावण केशरी असतं. ते वाळायला लागलं की आतल्या लांबलचक साखळ्या एकमेकींना लागून रचल्या जातात, स्फटिक धरतात आणि केशरी रंग जांभळा होत जातो. रचना जितकी नीट, तितकी त्या पापुद्र्यातून वीज चांगली वाहते. माझ्या पापुद्र्यांतून ती धड वाहत नव्हती. दीड वर्ष मी द्रावक बदलत होते, तापमान बदलत होते. सर, म्हणजे आमचे विभागप्रमुख आणि माझे मार्गदर्शक, दर सोमवारी आलेख बघायचे आणि कागद तसाच परत द्यायचे.

मावशी जासईहून यायच्या. बंदराकडे जाणाऱ्या कंटेनरच्या ट्रेलरमधून वाट काढत येणाऱ्या एसटीने, तरी कधी उशीर नाही. वीसेक वर्षं झाडलोट केल्यावर त्यांना प्रयोगशाळा परिचर केलं होतं, आणि त्या पदाबरोबर मिळालेला पांढरा कोट त्या घरी नेऊन नीळ घालून धुवायच्या. काचेची भांडी त्यांच्याइतकी स्वच्छ कुणी धुतली नाहीत.

त्या दिवशी मी आठ तुकड्यांवर थेंब सोडले आणि तासाला गेले. मागे वीज गेली. वाफा ओढून घेणारा पंखा बंद पडला, खोलीत वास कोंडला, म्हणून मावशींनी खिडकी उघडली. शेजारी नव्या टॉवरचं खोदकाम चाललं होतं. मी परत आले तेव्हा चार तुकडे वाळले होते आणि उरलेल्या चारांवर काचेच्या बशीचं मोठं झाकण पालथं घातलेलं होतं. त्याखाली थेंब अजून ओलेच होते, केशरी, आणि झाकणाला आतून वाफ धरली होती.

"ह्याला हात कुणी लावला?"

"मी झाकन ठेवलं, मॅडम. धूळ येत व्हती खिडकीतून. एकच झाकन गावलं, चारच मावले त्याच्यात."

"तुम्हाला कुणी सांगितलं होतं? आठच्या आठ एकाच वेळी वाळायला हवे होते. आता हे फेकून द्यायचे. कळत नाही तर हात कशाला लावता?"

दारात माझ्या वर्गातली सात-आठ मुलं उभी होती. मावशींनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, "चुकलं, मॅडम. परत नाय लावनार."

तिथेच थांबायला हवं होतं. पण दीड वर्षाच्या अपयशाला अचानक एक माणूस सापडलं होतं. मी सरांकडे गेले. ते म्हणाले, "लिहून द्या." मी लिहून दिलं: परवानगीशिवाय नमुने हाताळले, नमुने निकामी झाले.

तुकडे मात्र मी फेकले नाहीत. दुसऱ्या दिवशी पाहिले तर झाकणाखालचे चार गडद जांभळे झाले होते, वर धातूसारखी चमक. उघड्यावर वाळलेले फिके, तांबूस. मोजायला घेतले. फिक्यांतून नेहमीसारखाच क्षीण प्रवाह. गडदांतून इतका जास्त, की तारा चुकीच्या जोडल्या असतील असं वाटून मी तीनदा तपासलं. कारण कळायला वेळ लागला नाही. झाकणाखाली वाफ कोंडली, थेंब हळू वाळला आणि साखळ्यांना नीट रचायला सवड मिळाली. मी त्याच आठवड्यात मुद्दाम झाकणं ठेवून पुन्हा करून पाहिलं. प्रत्येक वेळी जमलं.

सोमवारी सरांनी आलेख बराच वेळ हातात धरला. "उत्तम. हे कसं सुचलं?"

"वाळण्याचा वेग कमी करून बघावा, असं वाटलं," मी म्हणाले.

मला खोटं बोलायचं नव्हतं. पण खरं सांगायचं तर आधी तक्रार मागे घ्यावी लागली असती, आणि सर इतक्या दिवसांनी हसले होते. उद्या सांगू, असं ठरवलं. त्याच आठवड्यात मावशींची बदली झाली, मागच्या इमारतीत, पुन्हा झाडलोटीला. कोट त्यांनी घडी करून कपाटात ठेवून दिला होता.

दोनेक महिन्यांनी त्या जिन्यात भेटल्या. हातात बादली होती. मी नजर चुकवून वर जाणार, तोच त्यांनी विचारलं, "मॅडम, तुमचं ते खराब झालेलं काम भरून निघालं का? मना लय वाईट वाटतं."

"निघालं," एवढंच म्हणून मी वर गेले.

प्रबंधात आणि शोधनिबंधात मी लिहिलं की थेंब जाणीवपूर्वक झाकून सावकाश वाळवले. पदवी मिळाली, नोकरी कायम झाली. मावशी झाडू हातात असतानाच निवृत्त झाल्या. निरोपाच्या चहाला मी गेले नाही. पेपर तपासायचे आहेत, असं सांगितलं.

गेल्या वर्षी मी जासईला त्यांच्या घरी गेले. पेढे नेले होते, आणि ते हातात असताना आणखीच लाज वाटत होती. मावशींनी खुर्ची दिली, पाणी दिलं. मी सगळं सांगितलं: झाकण, चार तुकडे, सरांना दिलेलं उत्तर. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही.

"म्हंजे ते खराब नव्हतं झालं?"

"नाही. तेच सगळ्यात चांगलं झालं होतं."

"आनि तुमाला हे कवा कळलं?"

"दुसऱ्या दिवशी."

त्यांनी माझ्या हातातला रिकामा पेला घेतला. मग म्हणाल्या, "तो कागद अजून हाय का तिथं?"

"असेल फाइलमध्ये."

"तो तेवढा काढा. मी कामात चूक केली असं कुठं लिवलेलं नको."

रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. कागद काढता येत नाही, असं ऑफिसातून कळलं. मग मी दुसरा लिहिला. तक्रार चुकीची होती, मावशींनी नमुने धुळीपासून वाचवले आणि माझ्या प्रबंधातला मुख्य निष्कर्ष त्यामुळे हाती लागला, असं स्पष्ट. सर आता निवृत्त आहेत. त्यांच्या जागी आलेल्या बाईंनी तो वाचून माझ्याकडे पाहिलं आणि सही केली. शोधनिबंध छापणाऱ्या नियतकालिकालाही कळवलं आहे. त्यांचं उत्तर अजून नाही.

शिक्का मारलेली प्रत घेऊन मी पुन्हा जासईला गेले. मावशी बाजारात गेल्या होत्या. त्यांच्या सुनेने दारातच उभ्या उभ्या कागद पूर्ण वाचला.

"आमी समजत होतो, आईंनी कायतरी फोडलं तिथं," ती म्हणाली. "त्या कदी बोलल्याच नाय." मग तिने खालची तारीख पाहिली. "ही आत्ताची तारीख हाय ना? मग इतकी वर्षं?"

मग तिने कागदाची घडी केली आणि आईंना देते म्हणाली.