एवढं पान होऊ दे

सहलीला निघायचं म्हटलं की आमच्या घरात कपडे मी भरते, औषधं मी भरते आणि पुस्तकंही मीच निवडते. नवरा फोनवर काय ते वाचतो, लेक वाचतच नाही. म्हणजे पुस्तकं दोघींचीच, माझी आणि सासूबाईंची. बंगळुरात राजाजीनगरातून बोम्मसंद्राला नोकरीसाठी रोज जाऊन-येऊन माझं वर्ष संपतं. सुट्टीच्या चार दिवसांत एक पुस्तक सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचावं, एवढीच माझी हाव. सासूबाई आमच्याकडे राहायला आल्याला आठ वर्षं झाली, तेव्हापासून ती एकदाही पुरी झाली नव्हती.

मराठी मंडळाच्या कपाटातून मी त्यांच्यासाठी मोठ्या टायपाची, घरगुती गोष्टींची पुस्तकं हुडकून आणायची. त्या कव्हरवरून हात फिरवायच्या, छान आहे म्हणायच्या आणि दहा मिनिटांनी त्यांची खुर्ची माझ्या खुर्चीशेजारी यायची. चष्म्यातून नीट दिसत नाही, जरा वाचून दाखव. मी म्हणायची, "थांबा हो आई, एवढं पान होऊ दे." पान झालं की मुकाट्यानं पुढच्या पानावर जायची. त्या बसून राहायच्या. शेवटी मलाच लाज वाटायची आणि मी चडफडत त्यांचं पुस्तक उचलायची.

यंदा मडिकेरीला जायचं ठरलं, तेव्हा आधी चष्म्याचा सोक्षमोक्ष लावायचा असं मी ठरवलं. शनिवारी त्यांना बाजारातल्या चष्म्याच्या दुकानात नेलं. दुकानदारानं जवळचं वाचायचं कार्ड पुढे केलं. आईंना मराठी लागतं असं मी सांगितलं, म्हणून त्यानं हिंदी ओळींवर बोट ठेवलं. त्या पहिल्याच ठसठशीत ओळीत अडखळल्या. घ्या, नंबर वाढलाच, असं मी मनात म्हटलं. त्यानं सहज कार्ड उलटं केलं. पलीकडच्या कन्नड ओळी त्यांनी वरपासून खालपर्यंत एका दमात वाचल्या, मुंगीएवढ्या अक्षरांची शेवटची ओळसुद्धा. नंबर बदललेला नाही, दुकानदार म्हणाला.

त्यांचं माहेर चिक्कोडीकडचं. घरात मराठी, शाळा कन्नड. हे मला लग्न ठरल्यापासून माहीत होतं. पण मराठी बोलणारं माणूस मराठीच वाचणार, असं मी माझ्या पुणेरी डोक्यानं धरून चालले होते. परतताना रिक्षात मी विचारलं, इतकी वर्षं सांगितलं का नाही. त्या बाहेर बघत म्हणाल्या,

"तू एवढी दमून हुडकून आणत होतीस. अन् सासूला मराठी वाचाय येत न्हाई म्हणून माहेरी सांगितली असतीस तर?"

मी सांगितलंच असतं. हसत हसत सांगितलं असतं. मला स्वतःची लाज वाटली. घरी नवऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, मला वाटलं तुला माहीत आहे. त्याच्याशी भांडायचंही त्राण माझ्यात उरलं नव्हतं.

रविवारी त्यांना कन्नड पुस्तकांच्या दुकानात नेलं. त्या कपाटांमधून अर्धा तास फिरल्या. एक उघडलं, ठेवलं, दुसरं उघडलं, पुन्हा पहिल्याकडे आल्या. इतका वेळ स्वतःसाठी काही निवडताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मी स्टुलावर बसून होते. तिथल्या एकाही पुस्तकाचं नाव मला वाचता येत नव्हतं. चौदा वर्षं या शहरात राहून मी अजून नंबर बघून बस पकडते.

मडिकेरीला पोचल्यावर त्यांनी आपली खुर्ची व्हरांड्याच्या पार दुसऱ्या टोकाला, उजेडाकडे ओढली. माझ्यासमोर माझं पुस्तक आणि चार मोकळे दिवस होते. दहा पानांत माझे डोळे मिटायला लागले. पुन्हा उघडलं, पुन्हा तीच ओळ. आठ वर्षं पुस्तक पुरं न होण्याचा दोष मी त्यांना दिला, पण खरं कारण माझा थकवा होता, आणि तो मीच सोबत आणलेला होता.

इतक्यात त्या मोठ्यानं हसल्या. एकट्याच, पुस्तकाकडे बघून. मला राहवेना. मी खुर्ची उचलून त्यांच्या शेजारी नेली आणि काय आहे ते वाचून दाखवा म्हटलं.

"स्वल्प थांब गं," त्या म्हणाल्या, "एवढं पान होऊ दे."

मी थांबले. पान झालं, आणि मान वर न करता त्यांनी ते उलटलं.