धोक्याची सूचना, पान पहिले

आमच्याकडे आले की समोरचे आण्णा आधी वर बघायचे. पंखा, त्याचा हुक, छत. मग खुर्ची हातभर बाजूला सरकवून बसायचे आणि पिशवीतून कागद काढत म्हणायचे, "लिहून ठेवलं की टळतं, बाई."

मुलांनो, स्कूटरवरून उतरल्यावरही हेल्मेट न काढता किराणा आणणारा माणूस तुम्ही पाहिला असता, तर हसला असता. माधवनगरला आमच्या समोरच त्यांचं घर. गिरणीत फिटर होते, गिरणी बंद पडल्यावर पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचे. आणि विज्ञानकथा लिहायचे. छापायचेही स्वतःच, सांगलीतल्या एका छोट्या प्रेसमधून. मी शाळेतली बाई, इंग्रजीची का होईना, त्यामुळे शुद्धलेखन तपासायचं काम माझ्याकडे.

नात्यातल्या प्रत्येक लग्नात त्यांचा आहेर ठरलेला: नारळ आणि 'मंगळावरचा दुष्काळ'. नवरी पुस्तक उलटंसुलटं करून बघायची. त्यांची बायको म्हणायची, "आवं बाई, मंगळावर पाणी न्हाई म्हणून ह्यांचा जीव खालीवर. हिथं आठ दिवस नळाला न्हाई, त्ये दिसतं का?"

ते ओशाळून हसायचे. पण गंमत म्हणून ते लिहीत नव्हते, हे मला हळूहळू कळलं. ज्याची भीती वाटेल त्याचं ते पुस्तक करायचे. बायकोची शस्त्रक्रिया ठरली तेव्हा माणसांचे अवयव बदलणाऱ्या यंत्रावर लिहिलं. ती सुखरूप घरी आली. त्यांचा विश्वास पक्का झाला.

मग त्यांच्या एकुलत्या मुलीला कोयनानगरला शिक्षिकेची नोकरी लागली. जावईही धरणावरच कामाला. तिथे जमीन अधूनमधून हलते, तिथल्या लोकांना त्याचं फारसं काही वाटत नाही. यांना वाटायचं. मुलीला दिवस गेल्याचं कळलं त्याच आठवड्यात त्यांनी धरण फुटण्याची कादंबरी सुरू केली. "ती माहेरी यायच्या आत संपवायची," म्हणाले. मुलीला मात्र सांगायचं नव्हतं.

कादंबरीच्या सुरुवातीला धोक्याची सूचना होती: धरणास तडा गेला आहे, नदीकाठच्या नागरिकांनी तात्काळ स्थलांतर करावे. सरकारी भाषा अगदी हुबेहूब. मी खूश होऊन म्हटलं, "हिला चौकट करा आणि पहिल्या पानावर एकटीच ठेवा." ती चौकट माझी. हे तुम्हाला सांगायला हवं.

पुस्तकं आली त्या दिवशी पाऊस होता, नदी चढत होती. पावसाळ्यात आम्ही सांगलीकर धरणाच्या बातम्या घड्याळाकडे बघावं तशा बघतो. इतकी वर्षं नवऱ्याच्या पुस्तकांना हात न लावणाऱ्या बायकोला त्या दिवशी कौतुक वाटलं. तिने पहिल्या पानाचा फोटो काढून आपल्या माहेरच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'ह्यांचं नवीन पुस्तक'. कुणीतरी नुसता फोटो पुढे पाठवला.

दुपारपर्यंत आमच्याच गल्लीत लोक ट्रॉलीत गाद्या आणि टीव्ही चढवत होते.

ते धावत माझ्याकडे आले. वर न बघताच बसले. "पोलीस येतील, बाई." फोन बंद करून खिशात घातलेला. मी माझ्या फोनवरून दिसेल त्याला खुलासा लिहायला लागले. तेवढ्यात बायको ओरडत आली, "आवं, फोन का लागत न्हाई तुमचा? पोरगी निघाली तिथनं, तिच्या शेजारच्यांचा फोन आला!"

तो फोटो कोयनानगरलाही पोचला होता. नवरा धरणावर कामात. वडिलांना फोन लावला तर बंद. त्यांच्या काळजीने सातव्या महिन्यातली ती पोरगी दोन शेजारणींबरोबर जीपमध्ये बसली होती, आणि वाटेत दरड कोसळल्याचं लोक सांगत होते. तिचा फोन लागत नव्हता.

ते चार तास मी कसे सांगू? आण्णा माझ्या व्हरांड्यात उभेच होते. बायको एकदाच बोलली, "तिला काय झालं तर ह्या घरात तुमी न्हाई, न्हाईतर मी." त्यांचे ओठ हलत होते. मला वाटलं जप करताहेत. जवळ गेले तर ते कादंबरीतला एकेक प्रसंग आठवून म्हणत होते, "असं नको, असं नको."

दिवेलागणीला ती कराडहून एसटीने आली. गुडघ्यापर्यंत चिखल, पोटावर हात. "आण्णा, तुमी बरं हाय न्हवं?" एवढंच विचारलं. मग चौकटीचं ते पान छापील पुस्तकात पाहिलं, आणि उभ्याउभ्याच शेवट वाचला.

"मला मारलंत व्हय?"

"लिहिलं म्हणजे तुला काय होणार न्हाई..."

तिने पुस्तक मिटून माझ्या हातात दिलं. "बाळंतपण तिथंच करणार. आई, तू ये. आण्णा, तुमी पण या. आमी तिथं कसं राहतो त्ये डोळ्यानं बघा."

पहिलं बाळंतपण माहेरी नाही, आणि बापाने लेकीच्या घरी जाऊन राहायचं! बायकोने डोळ्याला पदर लावला. आण्णांनी दुसऱ्या दिवशी प्रेसमध्ये जाऊन उरलेल्या सगळ्या प्रती आपल्यासमोर कापून घेतल्या.

आता समोरच्या दाराला कुलूप आहे. नातू झाल्यावर जावयाने त्या दोघांना परत येऊच दिलं नाही.

परवा मी फोन केला. "काय लिहिताय?"

"काय न्हाई, बाई. पोराला सांभाळतो." मागे बाळाचा हुंकार ऐकू येत होता. मग तिकडे मांडणीवरची भांडी किणकिणली. आधी बारीक, मग सगळी एकदम. मला इथे, सांगलीत, खुर्चीचा हात घट्ट पकडावासा वाटला.

पलीकडून त्यांचा आवाज आला, फोनपासून जरा लांब, अगदी सावकाश: "काय न्हाई रं राजा. जमीन कूस बदलती. हो, झालं बघ."

त्या आवाजातला कंप मला ऐकू येत होता. बाळाला बहुतेक येत नसावा, कारण ते हसलं.